हवा खेळती हवी

कॉम्प्युटर स्वतः जोडायचा म्हणून हितेशला काचेचं कॅबिनेट हवं होतं, आतले रंगीत दिवे झगमगताना दिसले पाहिजेत असं. पण भाईंदरच्या दुकानात आई सोबत आली होती, आणि उत्तनची कोळीण कुठलीही वस्तू चाचपल्याशिवाय घेत नाही.

"इसमें हवा किधर से जाएगा?" तिने काचेवर टिचकी मारली.

"आंटी, इसमें हवा थोडी कम है," दुकानदार अल्पेशभाई चाचरला.

"मग नको. वो जालीवाला दिखाव." आईने त्याचे पंखे सुरू करायला लावले, समोर ओला हात धरला. "अंदर मक्खी नहीं जाएगा ना?"

"धूल नहीं जाती, मक्खी क्या जाएगी!" अल्पेशभाई हितेशकडे वळला. "मम्मी तो इंजिनिअर निकली, यार!"

हितेशची छाती फुगली. आपल्या आईला यातलं इतकं कळतं? काचेचा हट्ट सोडून त्याने मुकाट्याने जाळीचं कॅबिनेट घेतलं.

घरी पंखे चालतात ना ते बघून तो उरलेलं सामान आणायला गेला. परतला तेव्हा कॅबिनेट ओट्यावर घुमत होतं, आणि आतल्या पंख्यांच्या निळ्या-जांभळ्या उजेडात तोंडात तोंड अडकवलेले बोंबील ओळीने लटकत होते.

"आई!"

"ढगाळ हाय ना रे, बाहेर सुकत न्हाय," आई जाळीचं दार लावत म्हणाली. "आणि तू ही बारकी खोकीच घेऊन का आलास? तुझं ते काचेचं कुठं हाय?"