बा दिसतील असा टीव्ही

तिसऱ्या टीव्हीत भीमसिंग हळद लावलेल्या नवरदेवासारखा पिवळा दिसत होता.

"ह्यो न्हाई," तळहातावर तंबाखू मळत रामसिंग म्हणाला. "आमचा बा असा नव्हता."

कळमनुरीच्या त्या दुकानात हरीश सकाळपासून एकच पेनड्राइव्ह एकेका टीव्हीला लावत होता. त्यात दोन मिनिटांचा व्हिडिओ होता. तांड्यावरच्या होळीत भीमसिंग आधी खाकरतो, मग कानावर हात ठेवून गाणं उचलतो. नातीनं, पूजानं, मोबाइलवर घेतला होता. भीमसिंग जाऊन दीड वर्ष झालं, आणि मागं एवढंच राहिलं. रामसिंगला अलीकडं धास्तीच बसली होती. डोळे मिटले की बाचा लाल फेटा दिसायचा, फेट्याखाली चेहरा नसायचा. टीव्ही घ्यायचा तो त्यासाठी. बातम्या आणि मालिका त्याच्या लेखी वरकड होत्या.

"दादा, हा पंचावन्न इंची बघा," हरीश म्हणाला. "मिशीचा केस न् केस मोजून घ्या."

केस खरंच मोजता येत होते. पण गालावरच्या सुरकुत्या इस्त्री फिरवल्यागत गायब होत्या. यात हरीशचा काही दोष नव्हता. दुकानदारानं गिऱ्हाइकाला महागाकडून स्वस्ताकडं आणावं, ही रीतच आहे.

"तू तरी सांग," रामसिंग बायकोवर वैतागला. "बा कोन्त्यात हाय?"

पारुबाई स्टुलावर बसून निवांत चहा पीत होती. "मी काय सांगू? बावीस वर्षं त्यायला भाकरी वाढली, पण तोंड वर करून कधी बघितलं का? ते दारात खाकरले की आमचा पदर खाली. मला त्यायचे पाय ठाऊक हायत. चेहरा तर आज बघून राहिले."

हरीश हसला. कोपऱ्यात गेल्या वर्षीचा बत्तीस इंची टीव्ही पडून होता. जुनी बांधणी, स्पीकर पडद्याखाली समोरच, आणि किंमत पंचावन्न इंचीच्या चौथाईएवढी. आता नाइलाजानं त्यानं त्याला पेनड्राइव्ह लावला. बाकीच्या टीव्हींतून आवाज डब्यातून आल्यागत येत होता; इथं चित्र उमटायच्या आधीच मोकळा, भरदार आवाज आला.

भीमसिंग खाकरला.

पारुबाई ताडकन उठली. कप कलंडला, चहा फरशीवर पसरला, तिला भान नव्हतं. पदर हनुवटीपर्यंत ओढून ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. सकाळपासून त्याच सासऱ्याला उघड्या तोंडानं बघत बसलेली बाई! हरीश लगबगीनं पुढं आला.

"ताई, काय झालं?"

"मामंजी आले," ती पदराआडून कुजबुजली.

मागं गाणं सुरू झालं होतं. रामसिंगनं टीव्हीकडं पाहिलंच नाही. त्यानं घाबरत घाबरत डोळे मिटले. लाल फेटा आला. मग त्याखाली कपाळ आलं, सुरकुत्या आल्या, डाव्या भुवईवरचा बैलाच्या शिंगाचा वण आला. सगळा बा आला.

"ह्योच बांधून द्या," डोळे न उघडताच तो म्हणाला. तळहातावरची तंबाखू मात्र त्यानं केव्हाच पाठीमागं लपवली होती.