आधी बूट

दारावर लाथ घालायला सुताराने पाय उचलला आणि नेमका तेव्हाच त्याला स्वतःचा बूट दिसला. जाडजूड, घोट्याच्या वरपर्यंत नाड्यांनी आवळलेला. काकांनी दिलेला. त्याने एक सणसणीत शिवी हासडली, पाय खाली घेतला आणि पायरीवर बसून गाठ सोडायला लागला.

आत त्याचा मेहुणा होता. सकाळी या मेहुण्याने सुताराच्या धाकट्या बहिणीचा हात पिरगाळून मोडला होता. शेजारणीच्या फोनवरून ती एवढंच बोलली, "दादा, हाड बाहेर आलंय रे." सुताराने हातातला रंधा खाली टाकला, लाकूड तासायची धारदार पटाशी उचलली आणि कारखान्यातून धावत सुटला.

खरं तर तो मोकळा होता तोच अटीवर. एका गिऱ्हाइकाचा जबडा फोडला म्हणून कोर्टाने त्याला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडलं होतं. पुन्हा कुणावर हात उचलला की थेट आत. आणि तो आत गेला की धाकटीला माहेर असं काही उरणार नव्हतं. देखरेखीला कोर्टाने नेमलेले साहेब होते. पण साहेबांनी त्याच्या जोडीला एक माणूस दिला होता, स्वतः आत राहून आलेला. ते काका. टायरच्या दुकानात पंक्चर काढायचे. त्यांच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तिच्या नवऱ्याने मारून मारून संपवलं होतं, आणि काकांनी त्या नवऱ्याला. दोन्ही एकाच दुपारी. त्यापायी त्यांचं तारुण्य तुरुंगात गेलं.

पहिल्याच भेटीत काकांनी त्याच्यापुढे हे बूट ठेवले होते. "कुणाला मारायचंय ना, खुशाल मार. पण आधी बूट काढायचे. दोन्ही. नीट नाड्या सोडून."

"हा काय पोरखेळ, काका?"

"तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना? मग तळपायाला जरा वारा लागू दे. त्या दिवशी मी बूट घालूनच आत शिरलो होतो."

सुतार पोट धरून हसला होता. पण एकदा मुकादमाने आईवरून शिवी दिली आणि सुतार खरोखरच खाली बसून नाड्या सोडू लागला. दुसरा बूट निघेपर्यंत राग निम्म्यावर आला होता, आणि हा येडा करतोय तरी काय म्हणून मुकादम पळून गेला होता. तेव्हापासून बुटांवर त्याचा विश्वास बसला होता.

आजही धावता धावता त्याने काकांना फोन लावला होता, कारण हात उचलण्याआधी फोन करीन असा शब्द दिला होता. "धाकटीचा हात मोडलाय त्याने. आज त्याला जिता सोडत नाही, काका."

"आधी बूट," काका म्हणाले, आणि फोन बंद झाला.

एक बूट निघाला. तेवढ्यात आतून आवाज आला. धप्. पुन्हा धप्. मग धाकटीची किंकाळी. मोडक्या हाताच्या बाईला अजून मारतोय! दुसऱ्या बुटाच्या नाडीला निरगाठ बसली होती. सुताराने दातांनी ओढून पाहिली. धप्. त्याचं डोकं फिरलं. खड्ड्यात गेले बूट. तो एका पायात बूट घालूनच उठला आणि पटाशी सरसावून दारावर खांदा आपटला. दार नुसतंच लोटलेलं होतं.

धाकटी भिंतीला टेकून उभी होती, लोंबता हात पोटाशी धरून. मार खाणारी ती नव्हती. मेहुणा जमिनीवर पडला होता. त्याच्या तोंडाचा चेंदामेंदा झाला होता, नाकातून रक्ताचे बुडबुडे येत होते. आणि त्याच्या बरगड्यांत लाथांवर लाथा घालत होते काका. टायरचं दुकान याच गल्लीच्या तोंडाशी होतं. ते आधी पोचले होते. आले असणार ते सुताराला अडवायलाच. पण समोर हे बाहेर आलेलं हाड.

"अक्का, ऊठ!" काका ओरडत होते. "ऊठ ना गं, अक्का!"

त्यांच्या पायात बूट होते.

सुताराच्या हातातली पटाशी खाली आली. एक क्षणभर, खोटं कशाला बोला, त्याला फार बरं वाटलं. हवं होतं ते आयतंच होत होतं. नुसतं उभं राहायचं होतं. मेहुणा मरणार, धाकटी सुटणार, आणि आपण अटीत राहणार. आत जाणार ते काका.

"दादा, मरेल तो!" धाकटी किंचाळली.

सुताराने पटाशी फेकली आणि काकांच्या पायांत उडी घेतली. पहिली लाथ त्याच्या तोंडावर बसली. दात हलला, तोंड रक्ताने भरलं. त्याने त्या पायाला मिठी मारली, तो छातीशी आवळला आणि नाडीची गाठ शोधू लागला. वरून पाठीत बुक्क्या पडत होत्या. तो सोडवत राहिला.

"आधी बूट, काका," तो रक्त थुंकत म्हणाला. "आधी बूट."

बुक्क्या मंदावल्या, मग थांबल्या. मेहुणा कण्हत होता, म्हणजे जिवंत होता. सुताराने बूट ओढून काढला आणि बाजूला ठेवला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग धाकटीकडे. ते भिंतीला धरून हळूहळू खाली बसले.

दुसरा पाय त्यांनी आपणहून पुढे केला.