केबिनमागचा सूर्य

कामाचं कोणी विचारलं, की आई खालमानेनं "साइटवर असते" एवढंच सांगायची. उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून ती मजल्यावर मजला चढवते, हे शेजाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

काल लेकीला कडेवर घेऊनच मी गच्चीवर कॅमेऱ्याला टेलिफोटो लेन्स लावली. मावळता सूर्य नेमका केबिनमागे उतरला. फ्रेमभर सूर्य आणि त्याच्या मधोमध आई, दोन्ही हात दांड्यांवर.

घरी आल्यावर आईनं मी काढलेला व्हिडिओ तीनदा पाहिला.

"पाठ किती वाकलीये गं माझी. उद्या ताठ बसते, परत काढ."

"उद्या सूर्य तिथे नसेल, आई. तो रोज थोडा सरकतो."

"मग तू सरक की. मी माझी जागा सोडणार नाही."