दुसरं घर

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या घरामागचं निलगिरीचं वाळलेलं झाड नातीच्या खोलीवर कललं होतं. वारा सुटला की दीनानाथ उठून तिच्या खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

झाड पाडायच्या आदल्या दिवशी त्यांनी सात वर्षांच्या स्वरदाला रीत शिकवली. बुंध्याला हळदकुंकू वाहून, हात जोडून ते म्हणाले, "इथे कोणी राहत असेल, तर त्यांनी कृपा करून दुसरं घर बघावं."

शनिवारी झाड गेलं. दीनानाथ निर्धास्त झाले. दुपारी खोलीत डोकावले, तर स्वरदा पलंगाच्या अगदी कडेला अंग चोरून पडली होती.

"अगं, मध्ये नीट झोप. पडशील."



"आजोबा, काल त्यांनी 'कुठे जाऊ?' विचारलं, तेव्हा तुम्ही थांबलातच नाही. मग मीच म्हटलं, नो वरीज, माझ्या रूममध्ये या."