उठल्याबरोबरची ओळ

सकाळी डोळे उघडले की मेंदूतली चकती सुरू होई आणि सोनबांना सर्वांत आधी त्यांनीच घातलेली ओळ दिसे: ‘सगुणा गेली. तू आहेस. ऊठ, म्हाताऱ्या.’

आज तिथे होतं: ‘मी समाधानी आहे. काय आज्ञा?’

“माझ्या डोक्यात हात कुणी घातला रे?” असं ते ओरडायला गेले, पण तोंडातून निघालं, “चहा छान झालाय.”

चहा अजून यायचा होता.

“बघा, आता कसे गोड बोलता!” मुलगा निनाद खूश झाला. “रोज उठून आईसाठी रडायचात. माझीच सेटिंग चढवली तुमच्यावर, बाबा. ऑफिसात सगळ्यांची हीच असते.”

सगुणा गेली त्या सकाळीही निनाद असाच हसत उठला होता. सोनबांना ते आठवलं आणि ते त्याला शिवी हासडायला गेले.

“आभारी आहे,” त्यांचं तोंड म्हणालं.