पहिला शब्द

"हा आरसा बघा," गाईडबाई म्हणाली. "इथले सगळे मोठे गायक याच्यासमोर बसून रंगले."

म्हाताऱ्या गायकाने आरशात पाहिलं, आतल्या माणसाला अदबीने मान लववली आणि तो खोलीबाहेर पडला. त्याच आरशासमोर बसून त्याने अर्धा जन्म तोंडाला रंग लावला होता. त्याच्या बायकोने मुलीकडे बघायचं टाळलं.

ऑपेरा हाऊस बघायला यायचं तिनेच काढलं होतं. "आई, हात दाखवून अवलक्षण कशाला?" असं मुलगी म्हणालीही होती. पण उद्या सकाळी वृद्धांच्या संस्थेची गाडी त्याला न्यायला येणार होती, आणि बुडत्याला काडीचा आधार. शेवटी मायलेकींत ठरलं. तिथे गेल्यावर त्याने बायकोला एकदा, अगदी एकदाच, आपणहून ओळखलं तर गाडी येणार नाही. नाही ओळखलं, तर आई अडवणार नाही.

पोशाखांची खोली झाली. पडदे ओढायचे दोर झाले, मुखवट्यांचं कपाट झालं. गाईडबाई जीव तोडून सांगत होती, पण त्याच्या बाबतीत नळी फुंकली सोनारे. विंगेतून सगळे रंगमंचावर आले, तेव्हा कुठे तो थांबला आणि मान वर करून झुंबराकडे बघू लागला.

"छान ठेवलंय हो," तो गाईडबाईला म्हणाला. "आम्ही पहिल्यांदाच येतोय."

ती बिचारी खूश झाली. मुलगी पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

रंगमंचाच्या काठाशी, बरोबर मध्ये, एक लाकडी घुमटी होती. "ही प्रॉम्प्टरची जागा," गाईडबाईने सांगितलं. "गायकाला आठवत असो-नसो, प्रत्येक ओळीचा पहिला शब्द इथून आधीच दिला जायचा. घुमटीचं तोंड रंगमंचाकडे, त्यामुळे समोर बसलेल्यांना कधी काही ऐकू गेलं नाही. कुणाला उतरून बघायचंय?"

"मी बघते," बायको म्हणाली.

"सांभाळून हं, आजी."

पायऱ्या तिच्या ओळखीच्या होत्या, गुडघे तेवढे आता ओळख देत नव्हते. याच घुमटीत बसून तिने उभी हयात काढली होती. त्याला पहिला शब्द देता देताच त्याच्याशी लग्न झालं होतं. रंगमंचावर तिने त्याचा शब्द कधी पडू दिला नाही, आणि पुढे घरातही नाही. शेजारी दारात आला की ती नवऱ्यामागून शेजाऱ्याचं नाव पुटपुटायची. जेवलात का, असं कुणी विचारलं की त्याच्या आधी हिचे ओठ हलायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणावं, तर आपण काही झाकतोय हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. हातापायांत मुरलेली सवय होती ती. त्याला अडखळायला तिने सवडच दिली नाही. "फार उशिरा आणलंत," डॉक्टर म्हणाले होते. "इतके दिवस घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

त्या प्रश्नाचं उत्तर तिने अजून कुणालाही दिलं नव्हतं.

ती घुमटीत बसली. गाईडबाई मुलीला घेऊन खाली पहिल्या रांगेत गेली. तो रंगमंचावर एकटा राहिला, आणि त्याचे पाय आपोआप घुमटीसमोर येऊन थांबले. पाठ ताठ झाली. हात बाजूला सुटले, छाती पुढे आली. हा तोच होता.

"बाबा," मुलीने समोरून विचारलं. "त्या घुमटीत कोण बसलंय?"

त्याने खाली पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. आज द्यायचा नाही. आजचा शब्द त्याचा हवा.

तो बघत राहिला. मग तिला कळलं, तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या ओठांकडे बघत होता.

ओठ हलेनात तशी त्याची हनुवटी थरथरू लागली. भर रंगमंचावर शब्द हरवलेल्या माणसाची भीती तिने इतरांच्या तोंडावर पाहिली होती, त्याच्या कधीच नाही. त्याने एक पाऊल मागे घेतलं. लहान मुलासारखी त्याची नजर भिरभिरली आणि परत तिच्या ओठांवर आली. तिच्याने बघवेना.

"माझी," ती पुटपुटली.

"माझी," तो खणखणीत म्हणाला, आणि थांबला.

"बायको."

"बायको!" आवाज थेट शेवटच्या रांगेला जाऊन भिडला.

मुलगी उठून उभी राहिली. ती रडत होती आणि टाळ्या वाजवत होती. "आई, ओळखलं गं त्यांनी तुला! ऐकलंस ना? थांब, आत्ता फोन करते. गाडी पाठवू नका म्हणून सांगते." गाईडबाईला काही उमगलं नव्हतं, पण तिनेही टाळ्या वाजवल्या.

वर जाऊन खरं सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पण ती घुमटीतच बसून राहिली. ती जिंकली होती, आणि इतकं एकटं तिला आजवर कधीच वाटलं नव्हतं.

त्याने रिकाम्या खुर्च्यांना कमरेत वाकून अभिवादन केलं. मग तो पुन्हा घुमटीकडे वळला आणि तिच्या ओठांवर नजर ठेवून पुढच्या शब्दाची वाट बघत उभा राहिला.