धोंडबेटाची शिरगणती

वादळं वळवता येऊ लागली तेव्हापासून धोंडबेटावर एक रीत पडली होती. वादळाची वर्दी आली की बाहेर दिलेल्या लेकी पोराबाळांसकट माहेरी यायच्या. संध्याकाळी पाचला फेरीबोट बंद व्हायची, वादळ केंद्र धोंडबेट आणि समोरचं कासबेट अशा दोन्ही बेटांवरची माणसं मोजायचं आणि जिथं डोकी कमी, तिकडं वादळ ढकलायचं.

चांगुणानं लेक मथुरा आणि तिच्या तीन पोरांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"चार डोकी वाढली," ती समाधानानं म्हणाली. "नि जावई?"

"होडी ओढून ठेवतो नि येतो, म्हणाले."

पाच वाजले तरी जावई आला नाही. धक्क्यावरच्या फळ्यावर आकडे उमटले. धोंडबेट तीनशे बारा. कासबेट तीनशे नऊ. माणसांनी आनंदानं एकच गिल्ला केला. चांगुणानं सवयीनं दर्याला हात जोडले.

कासबेट म्हणजे मथुराचं सासर.

"आये, आमच्या बेटावर माणसं एवढी कमी कशी झाली?"

"अगो, तिकडच्या सुना निम्म्या आपल्याच लेकी. सगळ्या इकडं आल्यात ना..." चांगुणा बोलता बोलता थांबली.

मथुरा पोरांकडं बघत होती. "तिनाचाच फरक आहे. आम्ही चौघं तिकडंच राहिलो असतो तर?"

घरी येऊन चांगुणानं जावयासाठी वाढलेलं ताट झाकून ठेवलं. धोंडबेटावरचा वारा तोवर पुरता पडला होता.